बी धरण्याआधी

तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं हे घराघरांतलं इतकं साधं काम आहे की त्याला कुणी बागकाम म्हणत नाही. सकाळी पाणी घालून झालं की तपकिरी पडू लागलेल्या मंजिऱ्या उभ्या-उभ्या दोन बोटांत धरून मोडायच्या, थोड्या देवापुढे ठेवायच्या, उरलेल्या मातीत चुरून टाकायच्या. बंगळूरच्या बसवनगुडी-मल्लेश्वरममधल्या जुन्या घरांपुढच्या तुळशीकट्ट्यांवर हे चालतं, आणि पुण्या-साताऱ्याहून येऊन बंगळूरच्या दहाव्या मजल्यावर कुंडीत तुळस लावणाऱ्या मराठी घरांतही चालतं. मंजिऱ्या तशाच ठेवल्या तर तुळस बी धरते, नवी पानं बारीक येऊ लागतात, खालची गळतात, देठ लाकडासारखे कडक होतात आणि रोप लवकर थकतं. खुडत राहिलं तर तीच तुळस हिरवीगच्च राहते. शास्त्राचं पुस्तक न उघडताही हात हे काम नेमकं करतो. थोडंच खुडतो, वारंवार खुडतो, आणि सगळं रोप एकदम कधी कापत नाही.

हे शहाणपण अंगणाच्या दुसऱ्या कडेला मात्र सहसा पोचत नाही. कुंपणालगत, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या वसाहतींच्या फाटकाशी जमीन झाकण्यासाठी फुलझाडं लावलेली असतात: ठेंगणी घाणेरी, व्हर्बिना, निळा इव्हॉल्व्ह्युलस, बारीक जांभळ्या फुलांची कुफिया, चिनी गुलाब, गझानिया, सदाफुली. लावल्यावर पहिले काही महिने तिथे रंगांचा सडा पडलेला असतो. मग त्यांच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर त्यांना कुणी हातच लावत नाही. मधला भाग उघडा पडतो, फांद्या काटक्यांसारख्या लांबतात आणि फुलं कडेला चार-दोन उरतात. नाहीतर महिन्यातून एकदा यंत्र येतं आणि सगळा वाफा एका उंचीवर तासून जातं; कळ्या, फुलं, फळं, कोवळे शेंडे यांत काहीही फरक करत नाही. दोन्हीकडे फुलं थांबतात, आणि दोन्हीकडे दोष झाडाला दिला जातो: जात चांगली नव्हती, माती बरी नव्हती, खत कमी पडलं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. बंगळूरमध्ये फुलांना थांबवणारी थंडी नाही. त्यांना थांबवतं ते त्यांचंच बी. म्हणून इथे छाटणी म्हणजे बी धरण्याची घाई थोडी लांबवणं, आणि ही गोष्ट समजून केलेली छाटणीच वाफा पुन्हा फुलवते.

झाड फुलतं ते बी धरण्यासाठी. परागण झालं, फळ धरलं, की पानांत तयार होणारी साखर आधी त्या फळाकडे जाते. नवा शेंडा, नवं पान, नवी कळी यांची पाळी नंतर येते. ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं इवलंसं रोप जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवलं जातं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या शेंगा धरताच काढून टाकल्या, तेव्हा रोपांनी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त फुलं दिली. ज्या रोपांना वंध्यत्वामुळे शेंगाच धरत नव्हत्या, तीही अशीच लांबत फुलत राहिली. फुलणं चालू ठेवायचं की आवरतं घ्यायचं, हा निरोप शेंड्याला वाढत्या बियांकडून जातो, असं त्यातून दिसलं. हे रोप एका हंगामाचं आणि वाफ्यातली झाडं वर्षानुवर्षं जगणारी, म्हणून दोघांचा हिशेब तंतोतंत एक नसतो. बहुवर्षायू झाड मुळांसाठी आणि लाकडासाठीही काही राखून ठेवतं, फळ धरलं म्हणून लगेच मरत नाही. पण साखर कुणाला आधी द्यायची ही ओढाताण त्याच्याही अंगात चाललेली असते, आणि वाढतं बी त्यात क्वचितच हरतं.

दुसरी गोष्ट शेंड्याची. रोपाच्या टोकाकडून खालच्या भागाकडे काहीतरी प्रभाव उतरत येतो, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रकाशाकडे वळणाऱ्या कोंबांवरून दाखवलं होतं. पुढे १९३३ मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे तोडून पाहिले. शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतले डोळे फुटू लागत. पण तोडलेल्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक लावलं की डोळे निजलेलेच राहत. अनेक वर्षं एवढ्यावर समाधान होतं. २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या कामातून चित्र आणखी स्पष्ट झालं. शेंडा तोडल्यावर ऑक्सिनचं प्रमाण घटण्याआधीच खालच्या डोळ्यांपर्यंत साखर पोचलेली असते, आणि पहिली जाग त्यांना तिनेच येते. वाढता शेंडा ती साखर स्वतःकडे ओढत होता; तो गेल्यावर ती मोकळी झाली. आता हे दोन्ही धागे एकत्र धरले की कात्रीचा अर्थ उलगडतो. सुकलेलं फूल आणि त्यामागचं हिरवं फळ काढलं की बीची मागणी थांबते. त्याच्यासोबत टोकाचं एक-दोन पेर कापलं की खालचे दोन-तीन डोळे फुटतात. एका टोकाच्या जागी दोन-तीन टोकं येतात, आणि ज्या झाडांना टोकाशी फुलं येतात त्यांच्यावर तेवढी जास्त फुलं दिसतात. पण हे सगळं साखरेवर चालतं आणि साखर पानांत होते. पानं न ठेवता कापलं तर डोळे फुटायला काही उरत नाही. म्हणून काप नेहमी निरोगी पानांच्या जोडीच्या वर हवा आणि एका वेळी वाढीचा साधारण तिसरा हिस्सा, त्याहून अधिक नाही.

इथवरची गोष्ट कुठल्याही गावाला लागू पडेल. बंगळूरची गोष्ट वेगळी होते ती वेळेपाशी. फुलझाडांच्या छाटणीवरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत आणि त्यांची दिनदर्शिका तिथल्या हिवाळ्याभोवती फिरते. इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या अखेरीस बहुवर्षायू झाडं निम्म्यापर्यंत कापण्याची एक पद्धत आहे. लंडनच्या चेल्सी भागात १९१३ पासून भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास ती छाटणी होते आणि त्या प्रदर्शनाच्याच नावाने ओळखली जाते. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि सर्वांत लहान आठ तासांच्या आत येतो. एवढ्या मोठ्या झुल्यात झाडाला वाढीचा मोसम ओळखून चालावंच लागतं. उन्हाळा सरण्याआधी कापलं नाही तर पुढचा बहार थंडीत सापडतो. बंगळूर १३ अंश उत्तरेला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर. इथला सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो. जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या आसपास असतो. या हवेत वरच्या झाडांपैकी बहुतेकांना थांबायचं काही कारण नाही. म्हणून तिकडच्या पुस्तकातला महिना इथे आणणं निरर्थक आहे. इथल्या मोसमाची खूण पाऊस आहे. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या सरी, मग नैर्ऋत्य मोसमी पाऊस, सप्टेंबर हा वर्षातला सर्वांत ओला महिना, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या वाऱ्यांचा पाऊस: छाटणीचे दिवस या चार टप्प्यांच्या मधल्या फटींत शोधावे लागतात.

जागा बदलली की छाटणीही बदलते, याचा मोठा पुरावा द्राक्षाच्या वेलीकडे आहे. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार वर्षातून दोनदा कात्री लावतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरची फळछाटणी घड यावेत म्हणून. छाटण्या दोन, पीक एक. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या पट्ट्यात बंगळूर ब्लू नावाचं काळसर जांभळं द्राक्ष पिकतं. २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या सौम्य हवेत तिथले शेतकरी दोन छाटण्यांवर दोन पिकं घेतात. वेल तीच, हत्यार तेच, फक्त हवा वेगळी, आणि एका कापाचा अर्थ बदलून जातो. डाळिंबाच्या शेतकऱ्यालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. मृग, हस्त की आंबे, यांतला कोणता बहार धरायचा ते ठरवून तो पाणी तोडतो, ताण देतो, मग छाटतो. बहार आपोआप येतो तसा धरताही येतो, ही गोष्ट आपल्याकडे शेतात मान्य आहे. ती अंगणातल्या वाफ्याला नाकारण्यासारखं काही नाही.

बंगळूरच्या रस्त्यांनी हा विचार झाडांच्या पातळीवर कधीच अनुभवला आहे. जर्मनीत जन्मलेले, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले गुस्ताव क्रुंबिगेल १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावून लालबाग त्यांच्या हाती दिली. शहरात एका झाडाचा बहार ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी वृक्षांची निवड करण्याची कल्पना त्यांच्या नावाने सांगितली जाते. आजही वर्षाच्या सुरुवातीचा गुलाबी टॅबेबुया, त्यामागून निळा-जांभळा जॅकरांडा, मग गुलमोहर, आणि पावसाळा सरताना रस्त्यावर पांढऱ्या फुलांचा सडा घालणारी आकाशमोगरी असा क्रम चालू दिसतो. वृक्षांच्या बाबतीत हा क्रम जाती निवडून साधतो, कारण वीस मीटर उंचीवर कुणी फुलं खुडायला जात नाही. पायाशी असलेल्या झाडांच्या बाबतीत तोच क्रम एकाच जातीकडून, हाताने मिळवता येतो. जमिनीलगतच्या फुलझाडांचं हे भाग्य आहे की ती माणसाच्या हाताच्या टप्प्यात आहेत.

पण हात प्रत्येक झाडापाशी वेगळा चालायला हवा. व्हर्बिना आणि पेंटास यांची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छांनी येतात. गुच्छ संपला की त्याखालच्या पहिल्या भरदार पानांपर्यंत कापावं. इव्हॉल्व्ह्युलसची निळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपार कलता मिटतात. एकेक फूल खुडण्यात अर्थ नसतो. त्याच्या लांबलेल्या फांद्याच अधूनमधून आखूड कराव्या लागतात. कुफियाची फुलं खोडभर पानांच्या बेचक्यांत येतात, तिला आकारापुरती हलकी छाटणी पुरते. गझानियाची पानं जमिनीशी गुच्छ करून असतात आणि फुलाचा दांडा तिथूनच वर येतो. दांडा मुळाशी काढावा, आणि वरून यंत्र फिरवलं तर झाडाचं मर्मच कापलं जातं. सदाफुलीच्या पाकळ्या आपोआप गळतात, झाड वरून स्वच्छ दिसतं, पण मागे जोडीने धरलेल्या बारीक शेंगा राहतात आणि काम त्यांचंच असतं. शिवाय पावसाळ्यात तिला खोडकुजीचा धोका असतो, म्हणून तिच्यावरचा मोठा काप कोरड्या आठवड्यासाठी राखून ठेवावा. चिनी गुलाब तर इतका सोशिक की कापलेला तुकडासुद्धा ओल्या मातीत टोचला की पुन्हा फुलतो.

घाणेरीपाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे घाई केली तर नुकसान होतं. तिच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी असतात. फूल पिवळं उघडतं आणि नंतर रंग पालटतं. पालटलेली फुलं कोमेजलेली समजून काढण्याची सवय अनेकांना असते. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांनी गीता माथुर यांच्यासोबत १९७८ मध्ये या रंगबदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला; फुलकिडे ताज्या पिवळ्या फुलांकडे ओढले जातात, असं त्यात दिसलं. जुनी गुलाबी फुलं मकरंद देत नसली तरी गुच्छ लांबून मोठा दाखवतात, आणि जवळ आलेल्या फुलपाखराला आता कुठलं फूल भरलेलं आहे हे रंगावरून कळतं. म्हणजे गुलाबी फुलंही कामावर आहेत. कात्रीची वेळ त्यांच्यानंतर येते, गुच्छ गळून हिरवे मणी दिसू लागतात तेव्हा. मणी काळे होईपर्यंत मात्र थांबू नये. डोळे उघडे ठेवून केलेली छाटणी आणि स्वच्छतेसाठी केलेली छाटणी यांतलं अंतर एवढ्या एका झाडावर दिसतं.

यावर पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका मानू नये. फुलत्या झाडाला हत्यार लावणं अनेकांना क्रूर वाटतं; तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये असं सांगणाऱ्या घरांत वाढलेल्यांना तर अधिकच. निसर्गाला त्याच्या मनाप्रमाणे वाढू द्यावं, असं त्यांचं म्हणणं असतं. पण जी घरं संध्याकाळी झाडाला हात लावू देत नाहीत, तीच सकाळी मंजिऱ्या खुडतात. त्यांचा नियम झाड कापू नये असा नाही, वेळ पाहून आणि गरजेपुरतं कापावं असा आहे. दुसरं असं की खालून पुन्हा फुटण्याची ताकद झाडांना माणसाच्या कात्रीने दिलेली नाही. जमिनीलगत वाढणाऱ्या झाडांना गुरं चरतात, अळ्या कुरतडतात, पाय तुडवतात. बेचक्यांतले निजलेले डोळे ही त्या आपत्तीसाठी ठेवलेली राखीव ठेव आहे, आणि कात्री तिचाच उपयोग करते. आणि जे झाड निसर्गाच्या मनाप्रमाणे वाढू द्यायचं म्हणतो, ते बहुधा मादागास्करहून किंवा दक्षिण अमेरिकेतून आणून, दीड फुटाच्या पट्टीत, सिमेंटच्या कडेत आपणच बसवलेलं असतं. ते तिथे बसवल्यावर त्याची देखभाल करण्याचं कर्तव्यही आपल्याकडे येतं.

दुसरा आक्षेप फुलांवर जगणाऱ्यांच्या वतीने येतो आणि तो पहिल्याहून बळकट आहे. एवढ्या काँक्रीटच्या शहरात सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना, डंख नसलेल्या इवल्या माश्यांना आणि फुलपाखरांना हे वाफेच आधार आहेत. ते एका दिवसात तासून टाकले तर दोन-तीन आठवडे तिथे खायला काही राहत नाही. हा आक्षेप संपूर्ण मान्य करायला हवा, आणि मान्य केल्याने छाटणी चुकीची ठरत नाही, अर्ध्या वाफ्याची छाटणी बरोबर ठरते. एका वेळी एक भाग कापावा, तो फुलायला लागला की दुसरा. त्यामुळे मकरंद कधीच तुटत नाही आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांनाही वाफा कधी बोडका दिसत नाही. बिया खाणाऱ्या मुनियांसाठी कोपऱ्यातलं थोडं गवत आणि थोडी फुलं बी धरू द्यावीत. फुलं चालू राहिली तर माश्यांना जे मिळतं, ते बी धरून थांबलेल्या वाफ्यातून मिळत नाही, हेही याच हिशेबात धरलं पाहिजे.

पण हा उदारपणा घाणेरीच्या मण्यांपाशी थांबायला हवा. ती शोभेचं झाड म्हणून १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आली आणि पक्ष्यांनी तिचे काळे मणी खाऊन तिला रानोमाळ नेलं. आज बंडीपूरपासून माले महादेश्वर डोंगरांपर्यंतच्या जंगलांत तिची दाटी झाली आहे. गवत हटलं, वाटा बुजल्या. त्या डोंगरांतल्या सोलिग आदिवासींना बंगळूरच्या ॲट्री या संशोधन संस्थेने तिच्या काड्यांपासून फर्निचर करायला शिकवलं, तिकडे निलगिरीच्या परिसरात आदिवासी कारागीर तिच्याच काड्यांचे पूर्णाकृती हत्ती विणतात. एका शोभेच्या झाडाने केलेलं नुकसान माणसं अशा मेहनतीने थोडंथोडं निस्तरत आहेत. शहरातल्या कुंपणाशी वेळेवर काढलेले हिरवे मणी या गोष्टीचाच एक छोटा भाग आहेत. इथे फुलांची हाव आणि रानाची काळजी एकाच कापात साधते. जमीन झाकायला लावल्या जाणाऱ्या पिवळ्या वेडेलियाचं संकट उलट्या बाजूचं आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि तिचं प्रत्येक पेर मुळं धरतं. तिची छाटण नाल्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर फेकणं म्हणजे तिची लागवड करणं. तिच्याबाबतीत कात्रीपेक्षा छाटणीनंतर कचरा कुठे जातो हे महत्त्वाचं, आणि नव्या वाफ्यात तिला न लावणं हे त्याहून महत्त्वाचं.

तिसरा आक्षेप पाण्याचा. मार्च २०२४ मध्ये बंगळूरवर पाण्याचं मोठं संकट आलं, तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड लावला. अशा शहरात पुन्हा-पुन्हा बहार घेण्याची भाषा चैनीची वाटू शकते, कारण नवा फुटवा पाणी मागतो. आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर पुन्हा वेळेत आहे. फेब्रुवारीपासून वळवाच्या सरी येईपर्यंतच्या कोरड्या दिवसांत फक्त सुकलेली फुलं आणि मणी काढावेत, नवा फुटवा मागू नये. तेवढ्याने झाडाचा खर्च कमीच होतो. मोठा काप वळवाच्या सरी सुरू झाल्यावर द्यावा, म्हणजे नव्या पानांना लागणारं पाणी आभाळातून येतं. दुसरा मोठा काप नोव्हेंबरात, परतीचा पाऊस ओसरत असताना आणि माती अजून ओली असताना. ऐन सप्टेंबरात मात्र कात्री आवरावी, कारण ओल्या जखमेतून बुरशी शिरते. कापलेली निरोगी, बी नसलेली छाटण बारीक करून मुळांशी पसरली की जमिनीतली ओल टिकते, आणि वर ओंजळभर कुजलेलं शेणखत टाकलं की झाडाकडून घेतलेल्या बहाराची थोडी भरपाई होते. पाणी कमी असलेल्या शहराला छाटणी परवडत नाही असं नाही. पाऊस न पाहता केलेली छाटणी परवडत नाही.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप: एवढं बघायला वेळ कुणाकडे आहे? हजार बिऱ्हाडांच्या वसाहतीत, उड्डाणपुलाखालच्या दुभाजकांवर, कार्यालयांच्या आवारात बागकाम ठेक्याने दिलेलं असतं. तिथल्या माणसाला किती मीटर कापलं त्यावरून जोखलं जातं. त्याच्या हातात यंत्र देऊन, तासांचा हिशेब मागून, वर मणी आणि कळीतला फरक ओळख म्हणणं अन्यायाचं आहे. पण हे ज्ञान या शहरात नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. तिगळ समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या बागा आणि मळे सांभाळले. चैत्र पौर्णिमेला धर्मराय स्वामींच्या मंदिरातून निघणारा त्यांचा करग, म्हणजे मिरवणुकीतला पवित्र कलश, मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला असतो, आणि मोगऱ्याचा तो उन्हाळी बहार थंडीत पाणी तोडून केलेल्या छाटणीवर उभा असतो. लालबागेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, त्यासाठी माळी आठवडे मोजून शेंडे खुडतात, म्हणजे फुलं नेमक्या दिवसांत उघडतील. तारीख पाहून छाटणं वाईट नाही. त्या तारखेमागे झाडाचे दिवस मोजलेले असले पाहिजेत. दसऱ्याच्या बाजारासाठी शेवंती करणारा शेतकरीसुद्धा लागवडीनंतर ठरल्या आठवड्यात शेंडा खुडतो, कळ्या धरल्यावर खुडत नाही. ठेक्याच्या कागदावरची तारीख आणि माळ्याच्या डोक्यातली तारीख यांत फरक इतकाच की दुसरीने झाड पाहिलेलं असतं.

या सगळ्यातून निष्कर्ष सरळ निघतो. बंगळूरसारख्या हवेत जमिनीलगतची फुलझाडं वर्षातला बहुतेक काळ फुलू शकतात. ती फुलत नसतील तर आधी बी पाहावं, मग खताची पिशवी उघडावी. सुकलेलं फूल मणी पिकण्याआधी काढावं, मोठा काप पावसाच्या फटीत आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आत द्यावा, वाफा एकदम न कापता भागाभागाने कापावा. यासाठी लागणारं हत्यार धारदार, स्वच्छ पुसलेली एक कात्री आहे. तिच्याहून जास्त लागतो तो आठवड्यातला थोडा वेळ, आणि तो वेळ कुणीतरी वाफ्याशी बसून घालवायला हवा. घरचा वाफा असेल तर तो वेळ आपण काढावा, लेकरांना सोबत घेऊन काढावा. मणी आणि कळी ओळखायला लहान बोटं फार लवकर शिकतात. वसाहतीचा वाफा असेल तर रहिवाशांच्या पुढच्या सभेत एवढंच मांडा: यंत्राचा एक फेरा कमी करा, आणि वाचलेल्या पैशांतून माळ्याला झाडं बघत कापण्याचा वेळ द्या, त्या वेळेची पूर्ण मजुरीही द्या.